‘आधी जगू तर दे’ म्हणणाऱ्यांना

‘खेड्यातल्या बाळाला दुर्बिणीची शस्त्रक्रिया कशाला? आधी ते जगू तर दे.’ अन्ननलिका तुटलेली घेऊन जन्मलेल्या बाळांचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर पडतं. डॉक्टर म्हणतात, आरोग्य खात्यातली माणसं म्हणतात, कधीकधी बाळाचे आजोबाच म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. अपुऱ्या साधनांशी झगडण्यात ज्यांची उमेदीची वर्षं गेली, त्यांना असंच वाटणार. पण या वाक्यात एक गोष्ट धरून चाललेली असते : जगणं आधी, धडपणे जगणं नंतर, आणि ते नंतरचं जे काही असेल ते शहरातल्यांसाठी. हे मला मान्य नाही. माणुसकीच्या अंगानं तर नाहीच, वैद्यकाच्या अंगानंही ते टिकत नाही.

ईट हे धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यातलं, बालाघाटच्या पठारावरचं गाव. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तिथे पहाटे एक बाळ जन्मलं असं धरू. वजन जरा कमी, पण रडलं मोठ्यानं. अंग गुलाबी, हातपाय नीट, ओठ फाटलेला नाही, पाऊल वाकडं नाही. फक्त तोंडातून फेस येतो. सिस्टर पुसून घेते, थोड्या वेळानं पुन्हा येतो. आजी मधाचं बोट चाटवते किंवा आईला अजून दूध उतरलं नाही म्हणून गुळाचं पाणी पाजते. बाळाला ठसका लागतो, ओठ निळे पडतात.

गर्भ चार आठवड्यांचा असताना एकाच नळीपासून अन्ननलिका आणि श्वासनलिका वेगळ्या होतात. ही फारकत चुकली तर अन्ननलिकेचा वरचा भाग छातीतच आंधळ्या पिशवीसारखा संपतो, आणि खालचा, जठराकडून येणारा भाग श्वासनलिकेला जाऊन चिकटतो. या व्यंगाचे प्रकार अनेक, पण शंभरातल्या सुमारे ८५ बाळांमध्ये हाच. मग लाळ गिळली जात नाही, ती भरून वाहते आणि फुप्फुसात उतरते. जठरातलं आम्ल खालच्या जोडातून उलट वर चढून तेही फुप्फुसातच जातं. बाळ रडतं तेव्हा श्वासाची हवा पोटात शिरून पोट फुगतं. या बाळाला वेळ मिळतो तो तासांत मोजण्याइतका. काही अगदी थोडे दिवस तगतात, पण तोवर न्यूमोनिया झालेला असतो.

आजवरची शस्त्रक्रिया अशी : उजव्या खवाट्याखाली चीर देऊन, बरगड्या फाकवून छातीत शिरायचं, श्वासनलिकेला चिकटलेला जोड बांधून तोडायचा आणि अन्ननलिकेची दोन टोकं एकमेकांना शिवायची. दुर्बिणीच्या पद्धतीत करायचं हेच असतं, फक्त वाट वेगळी. तीनच छिद्रं, तीन ते पाच मिलिमीटरची. एकातून कॅमेरा, दोनांतून हत्यारं. हलक्या दाबानं कार्बन डायऑक्साइड सोडून फुप्फुस बाजूला सारतात आणि पडद्यावर मोठं दिसणाऱ्या त्या जागेत टाके घालतात. अडीच किलोच्या बाळाच्या छातीत हे करणं बालशस्त्रक्रियेतल्या सगळ्यांत अवघड कामांपैकी एक आहे, यात वाद नाही.

आता पहिला आक्षेप. एवढा खटाटोप एका व्रणासाठी? व्रण तर कपड्याखाली झाकतो.

व्रणाचा हा प्रश्नच नाही. खवाट्याखाली चीर देताना पाठीचे आणि बगलेजवळचे जे स्नायू कापले जातात, ते खांदा हलवणारे, खवाटा छातीशी घट्ट धरून ठेवणारे स्नायू आहेत. त्यांच्याकडे जाणारी नस दुखावली तर खवाटा पंखासारखा बाहेर येतो. फाकवलेल्या बरगड्या पुढे एकमेकींना चिकटतात, छातीची ती बाजू वाढत नाही, आणि मूल वाढेल तसा कणा त्या बाजूला झुकतो. १९८५ साली स्पेनमधल्या शल्यचिकित्सकांनी अशी शस्त्रक्रिया झालेल्या ८९ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या सुमारे एकतृतीयांश मुलांत खांदा, छाती किंवा कण्यात लक्षात येण्याजोगं व्यंग होतं. ही मुलं जगलेली होती. अन्ननलिका जोडली गेली होती, जेवत होती, म्हणजे शस्त्रक्रिया कागदोपत्री यशस्वी होती.

मला विचारायचं आहे की उजवा खांदा कुणाला जास्त लागतो? भूम, वाशी, परांडा या पट्ट्यातून दर दिवाळीच्या आगेमागे बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरभरून माणसं ऊसतोडीला जातात. कोयता उजव्या हातात, मोळी डोक्याखांद्यावर, आणि ती घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. ईटचं बाळ मोठं होऊन फडातच जाईल असं मी म्हणत नाही, जाऊ नये असंच मला वाटतं. पण त्या घराची मिळकत आज खांद्यावर आणि पाठीवर आहे. विहिरीवर, गोठ्यात, गवंड्याच्या हाताखाली, सगळीकडे तेच. पुण्यात संगणकासमोर बसणाऱ्याचा खवाटा थोडा बाहेर आला तर शर्टाची शिवण बदलून भागतं. इथे एकवीस वर्षांच्या पोराला मुकादम म्हणतो, ‘तुझ्यानं नाही व्हायचं.’ दुर्बीण ही चैन असेल, तर ती ज्याला परवडते त्याला कमी लागते आणि ज्याला परवडत नाही त्याला जास्त. मुलीच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. चीर जरा पुढे आली तर वयात येताना त्या बाजूचा स्तन नीट वाढत नाही. लग्नाच्या बैठकीत आपल्याकडे काय काय तपासलं जातं हे ज्यांना माहीत आहे, त्यांनी तरी याला सौंदर्याचा हट्ट म्हणू नये.

इथे एक जाणता वाचक अडवेल, आणि त्यानं अडवावंच. उघड्या शस्त्रक्रियेतही स्नायू न कापता, ते बाजूला सारून आत जाता येतं. बगलेतून चीर घेऊन व्यंग बरंच टाळता येतं. खरं आहे. आपल्याकडचे अनेक बालशल्यचिकित्सक तसं करतात, आणि जिथे दुर्बीण नाही तिथे हेच व्हायला हवं. पण हा मुद्दा माझ्याच बाजूनं उभा आहे. बाळाच्या छातीला कमीत कमी इजा करणं हे शस्त्रक्रियेचं मूळ अंग आहे, नंतर जोडायची शोभा नव्हे, हे मान्य झालं म्हणूनच ती पद्धत निघाली. ते एकदा मान्य केलं की ‘आधी जगू तर दे’ हे वाक्य उच्चारताच येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दुर्बिणीची पद्धत नवी आहे, धोक्याची आहे, नवजात बाळावर प्रयोग नको.

नवी म्हणावी तर पाव शतक उलटलं. १९९९ मध्ये बर्लिनमध्ये अन्ननलिका तुटलेल्या बाळावर दुर्बिणीनं पहिली जोडणी झाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत स्टीव्हन रॉथनबर्ग यांनी श्वासनलिकेला चिकटलेल्या प्रकारावर ती करून दाखवली. २००५ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या केंद्रांनी मिळून १०४ बाळांचा अनुभव मांडला. बाळांचं सरासरी वजन २.६ किलो. पाच शस्त्रक्रिया मध्येच उघड्या कराव्या लागल्या. ३३ बाळांची जोडलेली जागा पुढे आवळली आणि ती एकदा तरी रुंद करून घ्यावी लागली. मृत्यू तीन, आणि त्यातला एकच या आजाराशी जोडलेला. आवळणं उघड्या शस्त्रक्रियेतही होतं. हे आकडे चमत्काराचे नाहीत, तसे भीतीचेही नाहीत. मात्र ही केंद्रं जगातली निवडक होती, हे विसरून त्यांचे आकडे धाराशिवला लावता येणार नाहीत, हेही मी इथेच म्हणून ठेवतो.

धोका कुठे आहे तेही लपवण्यासारखं नाही. छातीत सोडलेला कार्बन डायऑक्साइड रक्तात शिरतो. लंडनमधल्या बालरुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये २० नवजात बाळांवरची चाचणी प्रसिद्ध केली. दोन्ही पद्धतींची वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी केली होती. निम्मी बाळं छातीच्या पडद्याला भोक असलेली, निम्मी अन्ननलिकेची. पडद्याच्या बाळांमध्ये दुर्बिणीच्या वेळी रक्तातला कार्बन डायऑक्साइड आणि आम्लता धोकादायक वाढली, बराच वेळ तशीच राहिली. अन्ननलिकेच्या बाळांत इतका स्पष्ट फरक दिसला नाही, पण बाळंच मोजकी होती. म्हणून दीड किलोचं बाळ, हृदयात मोठा दोष असलेलं बाळ, न्यूमोनियानं आधीच दमलेलं बाळ, यांना उघडीच शस्त्रक्रिया बरी. ज्या भूलतज्ज्ञाला नवजात बाळाचा सराव नाही त्याच्या भरवशावर तर दुर्बीण छातीत घालूच नये. दुर्बिणीनं जास्त बाळं वाचतात असंही मी म्हणत नाही, तसं सिद्ध झालेलं नाही.

मग माझं म्हणणं काय? हा निर्णय बाळ पाहून व्हावा, पत्ता पाहून नव्हे. आज मुंबईतल्या बाळाबद्दल वजन किती, हृदय कसं, दोन टोकांत अंतर किती हे विचारून ठरवलं जाऊ शकतं. ईटच्या बाळाबद्दल यातलं काही विचारण्याआधीच उत्तर ठरलेलं असतं, कारण ते जिथवर पोचतं तिथे दुसरा पर्यायच नसतो. धोक्याचा दाखला देणाऱ्यांनी या फरकाचं समर्थन करून दाखवावं.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो, आणि तोच मला सगळ्यांत फसवा वाटतो. दुर्बिणीवरचा पैसा साध्या सोयींवर घाला. याला आधार म्हणून २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेली पाहणी पुढे केली जाते. ७४ देशांतली २६४ रुग्णालयं, जन्मतः पचनमार्गात दोष असलेली ३,८४९ मुलं, त्यातली ५६० अन्ननलिकेची. अशा दोषांनी श्रीमंत देशांत ५.६ टक्के मुलं दगावली, मध्यम उत्पन्नाच्या देशांत २०.४ टक्के आणि गरीब देशांत ३९.८ टक्के. आपण मधल्या गटात. मरण कशानं वाढलं तर पोचेपर्यंत अंगात भिनलेला जंतुसंसर्ग, भुलेच्या वेळी खालावलेली प्रकृती, लागेल तेव्हा न मिळालेला व्हेंटिलेटर, न मिळालेलं शिरेतून पोषण, शस्त्रक्रियेआधी न वापरलेली सुरक्षिततेची साधी यादी. चीर मोठी की लहान, यावर हा फरक पडलेला नाही. आक्षेप घेणारे म्हणतात, पाहा, हेच आम्ही सांगतोय.

ही यादी पुन्हा वाचा. व्हेंटिलेटर, शिरेतून पोषण, जंतुसंसर्गावर ताबा, वेळेत आणि उबेत पोचलेलं बाळ, नवजात बाळांचा भूलतज्ज्ञ. आता दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला काय लागतं ते लिहून काढा. हीच यादी, अक्षरशः हीच. कॅमेरा आणि तीन मिलिमीटरची हत्यारं हा त्यातला सर्वांत शेवटचा आणि तुलनेनं स्वस्त भाग, तोही मोठ्या मुलांच्या इतर शस्त्रक्रियांना वर्षभर उपयोगी पडणारा. ज्या केंद्रात या बाळाची दुर्बिणीनं शस्त्रक्रिया सुरक्षित होऊ शकते, तिथे उघडीही सुरक्षितच होते. ज्या केंद्रात दुर्बीण झेपत नाही कारण भूलतज्ज्ञ नाही, परिचारिका पुरत नाहीत, रात्री रक्ततपासणी होत नाही, तिथे उघड्या शस्त्रक्रियेतही बाळ मरतं. साध्या सोयी की दुर्बीण, हा वादच खोटा आहे. दुर्बीण नको म्हणून वाचलेला पैसा साध्या सोयींवर खर्च झाल्याचं मला तरी कुठे दिसलेलं नाही. तो वाचतो आणि दिसेनासा होतो.

साधी सोय म्हणजे नेमकं काय, तेही ईटपुरतं सांगतो. एक रबरी नळी. फेस येणाऱ्या बाळाच्या तोंडातून ती आत सरकवायची. दहाएक सेंटिमीटरवर अडली, पुढे जाईना, की निदान जवळजवळ झालं. त्यानंतर तोंडानं काहीही द्यायचं नाही. बाळाचं डोकं आणि छाती उंच ठेवायची, नळीनं लाळ दर दहा-पंधरा मिनिटांनी ओढून घ्यायची, बाळ उबेत ठेवायचं, सलाईन लावायचं. फुग्यानं जोरात हवा भरायची नाही, ती पोटात जाते. याला तज्ज्ञ लागत नाही, सिस्टर हे सगळं करू शकते. पण कुणी सांगितलेलं असेल तर.

२०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आपल्याच राज्यात पालघरमध्ये सुरू झाला, तेव्हा जन्मतः तपासायच्या दोषांत नऊ नावं होती. मज्जारज्जूचा दोष, डाउन सिंड्रोम, फाटलेला ओठ-टाळू, वाकडं पाऊल, निखळलेला खुबा, मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयदोष, अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्याचा पडदा. अन्ननलिका त्यात नव्हती. नऊही महत्त्वाचे, पण पहिल्या दिवशीच्या तासांत ज्याचा निकाल लागतो तोच दोष बाहेर राहिला. आशा ताईची घरभेट दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या दिवशी असते. या बाळासाठी तिसरा दिवस फार उशिराचा.

आणि मग वाट. ईटहून भूम, भूमहून बार्शी किंवा धाराशिव, तिथून सोलापूर, बहुतेकदा शेवटी पुणे. प्रत्येक ठिकाणी नवी चिठ्ठी, नवा एक्स-रे, नवं ‘इथे होणार नाही’. भूम तालुक्याचा खवा रोज मोठ्या शहरांच्या बाजारात न नासता पोचतो, कारण तो कुठे उतरणार हे निघण्याआधी ठरलेलं असतं. बाळाचं तसं काहीच ठरलेलं नसतं. राज्यात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे, नवजात बाळाला मोफत नेण्याआणण्याची हमी जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून आहे. गाडी मिळते. कुठे जायचं ते मिळत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग धाराशिवच्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयातच सोय करा. तेही बरोबर नाही, आणि इथे माझं माझ्याच बाजूच्या काही लोकांशी पटत नाही. २०११ च्या जनगणनेत धाराशिव जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाख. हजारी पंधरा जन्म धरले तर वर्षाला पंचवीस हजार बाळं, आणि साडेतीन हजारांत एक हे प्रमाण धरलं तर अशी सातएक. सातांवर कुणाचाच हात बसत नाही, शल्यचिकित्सकाचाही नाही आणि भूलतज्ज्ञाचाही नाही. मराठवाड्याचे आठ जिल्हे आणि सोलापूर मिळून लोकसंख्या दोन कोटी तीस लाखांच्या घरात, म्हणजे याच हिशेबानं वर्षाला शंभराच्या आसपास बाळं. शंभर बाळांना एक केंद्र, ही मागणी कुठल्याही आरोग्यमंत्र्यापुढे ठेवता येते. शंभर बाळांना नऊ अर्धवट केंद्रं ही मागणी बाळांच्या जिवावर उठणारी आहे. केंद्र कुठे असावं यावर जिल्ह्यांनी भांडू नये. विभागाची हद्द त्या तान्ह्या जिवाला ठाऊक नसते. ईटच्या माणसाला सोलापूर जवळ पडतं तर जवळ पडतं.

अशा एका ठिकाणी पुढचंही होतं. जोड आवळला की तो रुंद करणं, जठरातलं आम्ल वर येणं, अनेक वर्षं राहणारा भुंकल्यासारखा खोकला, घास अडकणं, या सगळ्यासाठी मुलाला पुन्हा पुन्हा दाखवावं लागतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे, पण मजुरी बुडवून पुण्याच्या खेपा घालण्याचे दिवस कुठल्या योजनेत मिळत नाहीत. चौथ्या-पाचव्या खेपेला बाप येत नाही. त्याला अडाणी ठरवणं सोपं असतं.

शेवटचा आक्षेप मोठ्यानं कुणी घेत नाही. कागदावर सही करून बाळ घरी न्यायला लावताना तो नजरेतून सांगितला जातो : एवढं करून हे मूल धड होणार का? मुलगी असेल तर ही नजर आणखी लवकर येते. त्याचं उत्तर १९४१ मध्ये देऊन झालं आहे. तोवर हा दोष म्हणजे जवळजवळ मृत्यूच. दोन वर्षं आधी अमेरिकेतच दोन बाळं टप्प्याटप्प्याच्या शस्त्रक्रियांनी वाचली होती, पण दोन टोकं एकाच वेळी जोडून बाळ जगवणं कुणाला जमलं नव्हतं. त्या वर्षी मिशिगनमध्ये कॅमेरून हाइट यांनी बारा दिवसांच्या मुलीवर ते करून दाखवलं. जोड गळला, नंतर आवळला, ती दीर्घ काळ रुग्णालयात राहिली, आणि जगली. आज चांगल्या केंद्रांत, वजन पुरेसं आणि हृदय निरोगी असेल तर अशी शंभरातली पंच्याण्णवहून जास्त बाळं जगतात. शाळेत जातात, धावतात, भाकरी खातात. हा जुगार उरलेला नाही.

म्हणून ईटच्या आणि भूम-वाशी-परांड्याच्या वाचकांना दोन गोष्टी मागतो. पहिली आजच करण्याची : नवजात बाळाच्या तोंडाला पुसूनही पुन्हा पुन्हा फेस येत असेल तर दूध, मध, गुळाचं पाणी, गुटी काहीही देऊ नका, आणि सिस्टरला किंवा डॉक्टरांना सांगा की नळी घालून बघा. दुसरी, येत्या ग्रामसभेत ठराव करून आमदार, खासदार आणि आरोग्य संचालकांना पाठवा : मराठवाडा आणि सोलापूर मिळून नवजात बाळांच्या शस्त्रक्रियेचं एक पूर्ण केंद्र द्या, चोवीस तास बाळांचा भूलतज्ज्ञ असलेलं, उघडी आणि दुर्बिणीची अशा दोन्ही शस्त्रक्रिया करणारं, आणि त्याचा नंबर प्रत्येक प्रसूतिकक्षाच्या भिंतीवर लावा.